किलोचा माल नगावर गेला
जुन्या स्पोर्ट्स मोटारींच्या अस्सल सुट्या भागांची तेजी आणि आपले कारागीर

भंगाराच्या धंद्यात माल दोन रीतींनी विकला जातो. एक काट्यावर, दुसरा नगावर. काट्यावरच्या मालाला धातूचा भाव मिळतो, नगावरच्या मालाला ओळखीचा. गेल्या पंधरा-वीस वर्षांत जगभर एक माल असा आहे की जो काट्यावरून उठून नगावर गेला आणि तिथून खाली उतरायला तयार नाही. तो म्हणजे जुन्या स्पोर्ट्स मोटारींचे वापरलेले पण अस्सल, मूळ कारखान्याचे सुटे भाग.

उदाहरण म्हणून पोर्शे ९११ या जर्मन मोटारीचे फुक्स बनावटीचे चाक घ्या. सहा इंच रुंदीच्या या चाकाचे वजन सहा किलोच्या आतबाहेर. मोडीच्या भावाने एका चाकाचे हजारभर रुपये सुटतील. तेच चाक १९७०च्या आसपासचे, खोल कड्याचे, मागच्या बाजूला मूळ ठसा आणि तारीख असलेले निघाले आणि तसल्या चार नगांचा संच जुळला, तर गिऱ्हाईक काही लाख रुपये मोजून नेतो. धातू तोच, वजन तेच.

आमचा धंदा कापडाचा. मोटारींशी आमचा संबंध माल पोचवण्यापुरता. तरीही हा विषय या पानावर आम्ही घेत आहोत, कारण कुर्ल्यापासून चोर बाजारापर्यंत मोटार खोलणारे, डेंटर, पेंटर, लेथवाले, सीट शिवणारे, भंगार घेणारे यांत आपल्या लोकांची संख्या किती आहे हे वाचकांना वेगळे सांगायला नको. शौक श्रीमंतांचा असेल, पण हात कारागिराचे आहेत. त्या हातांना या तेजीतून काय मिळते, एवढाच आमचा प्रश्न आहे.

आधी ही तेजी आली कुठून ते पाहू. पोर्शे ९११ ही मोटार सप्टेंबर १९६३ मध्ये फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात प्रथम मांडली गेली. हवेने थंड होणारे तिचे इंजिन १९९८ पर्यंत निघत राहिले, नंतर पाण्याने थंड होणारे आले. म्हणजे जुन्या पद्धतीच्या जेवढ्या गाड्या व्हायच्या होत्या तेवढ्या झाल्या, आता एकही वाढणार नाही. त्यातल्या काही अपघातात गेल्या, काही गंजून गेल्या, काही खोलल्या गेल्या. उरलेल्यांना सुटे भाग मात्र रोज लागतात.

फुक्सचे चाक ओतीव नाही, घडीव आहे. ॲल्युमिनियमचा तापवलेला गोळा प्रचंड दाबाखाली टप्प्याटप्प्याने घडवून ते तयार होते. म्हणून ते हलके आणि मजबूत. जर्मनीतील मायनर्ट्सहागन गावच्या ओटो फुक्स कारखान्याने ते बनवले आणि १९६७ च्या ९११ एस मॉडेलवर ते प्रथम बसले. ओतीव माल कुणीही जाणता ओतारी साचा करून काढू शकतो. घडीव मालाला डाय लागते, प्रेस लागतो, आणि हजारो नगांची मागणी असेल तरच ती डाय परवडते. मागणी शेकड्यांत आली की डाय पडून राहते. आमच्या मते या तेजीचे पहिले कारण हेच आहे. माणसे ज्याची किंमत मोजत आहेत तो लोखंडाचा किंवा ॲल्युमिनियमचा तुकडा नाही. ज्या साच्यातून तो निघाला त्या साच्याची ती किंमत आहे.

दुसरे कारण मोटारींचेच भाव. फेरारी २५० जीटीओ या मोटारीचे फक्त ३६ नग १९६२ ते १९६४ या काळात निघाले. त्यातला एक २०१८ मध्ये अमेरिकेतल्या लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरला गेला. मर्सिडिझच्या ताब्यातली १९५५ ची एक ३०० एसएलआर मे २०२२ मध्ये साडेतेरा कोटी युरोंना विकली गेली. हे झाले शिखर. पण शिखरावर पाऊस पडला की पाणी खाली येतेच. ९११ ची कॅरेरा आरएस ही जात १९७२-७३ मध्ये १,५८० नगांपुरती निघाली. ज्यांना ती परवडत नाही ते साधी ९११ घेऊन तिला त्या रूपात आणू पाहतात. १९८९ ची गाडी घेऊन तिला १९७३ चा चेहरा द्यायचा, हा तर कॅलिफोर्नियात आणि इंग्लंडात स्वतंत्र धंदाच झाला आहे. त्यासाठी जुने बंपर, जुने दिवे, जुनी मीटरे, जुनी चाके लागतात. म्हणजे ज्या गाडीला मुळात तो भाग नव्हता तीही आता त्या भागाची गिऱ्हाईक झाली.

तिसरे कारण कायद्याचे आहे आणि व्यापाऱ्याने ते नीट समजून घ्यावे असे आहे. परदेशासाठी बनलेली मोटार अमेरिकेच्या सुरक्षा नियमांत बसत नसेल तर ती तिथे आणता येत नाही. पण गाडी २५ वर्षांची झाली की तिला त्या नियमांतून सूट मिळते. जपानची निसान स्कायलाइन जीटी-आर, आर-३२ ही गाडी १९८९ मध्ये निघाली. २०१४ मध्ये ती अमेरिकेसाठी मोकळी झाली. त्यानंतरची आर-३४ जानेवारी १९९९ ची. तिची पाळी २०२४ मध्ये आली. एका तारखेला एका देशाचा दरवाजा उघडतो आणि जपानच्या यार्डात पडलेल्या गिअरबॉक्सला, टर्बोला, मागच्या दिव्याला डॉलरचा गिऱ्हाईक मिळतो. तारीख पंचवीस वर्षे आधीपासून सर्वांना माहीत होती! कापडाच्या बाजारात सणाच्या आधी माल भरतात, तसा काहींनी माल भरून ठेवला आणि कमावलेही.

इथे कुणी म्हणेल, मग आपणही भरून ठेवू. आमचे मत जरा वेगळे आहे. या मालाला एक धोका आहे, जो सोन्याला नाही. ज्याच्याकडे मूळ नकाशे आणि मूळ नाव आहे तो कारखाना कोणत्याही दिवशी पुन्हा माल काढू शकतो. निसानच्या निस्मो विभागाने आर-३२ चे बंद पडलेले भाग २०१७ च्या डिसेंबरपासून पुन्हा द्यायला सुरुवात केली, पुढे नंतरच्या गाड्यांचेही दिले. पोर्शेने २०१८ मध्ये आपल्या जुन्या गाड्यांचे काही भाग थ्री-डी प्रिंटिंगने काढले. त्यांत ९५९ या गाडीचा क्लचचा एक लिव्हर होता. ती गाडीच मुळात २९२ नगांची. एवढ्यासाठी डाय कोण करणार? म्हणून पोलादाची भुकटी लेसरने थरावर थर वितळवून तो तयार केला. ज्याने असा एखादा जुना लिव्हर तिजोरीत जपून ठेवला असेल त्याची तेजी त्या दिवशी संपली.

टोयोटाचे उदाहरण तर आपल्या कापडवाल्यांना विशेष वाटेल. ही कंपनी मूळची मागवाल्यांची. १९२६ मध्ये टोयोडा यांचा स्वयंचलित मागांचा कारखाना निघाला, १९२९ मध्ये त्यांच्या मागाचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने घेतले, आणि १९३३ मध्ये त्याच मागांच्या कारखान्यात मोटारीचा विभाग उघडला. (प्लॅटची यंत्रे मुंबईच्या गिरण्यांत किती वर्षे फिरली हे जुन्या मंडळींना आठवत असेल.) या टोयोटाने १९६७ ते १९७० मध्ये २००० जीटी नावाची स्पोर्ट्स मोटार काढली, साडेतीनशेच्या आसपास नग. २०२० मध्ये तिचे गिअरबॉक्सचे आणि डिफरन्शियलचे भाग पुन्हा बनवून देण्याचे कंपनीने जाहीर केले. पण माल फक्त त्या मोटारीच्या मालकालाच, तोही ठरावीक संख्येत, म्हणजे मध्ये कुणी साठा करून पुन्हा विकू नये. मागवाल्यांना साठेबाज कसा ओळखायचा ते शिकवावे लागत नाही.

उलट बाजू पाहायची असेल तर इंग्लंडची एमजीबी पाहावी. १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून अधिक निघालेली ही मोटार. तिच्या सांगाड्याचे मूळ साचे आणि अवजारे शोधून, जमवून, १९८८ मध्ये ब्रिटिश मोटर हेरिटेजने तिचा अख्खा नवा सांगाडा विकायला काढला. आज एमजीबीचा मालक गंजलेला जुना पत्रा शोधत यार्डे पालथी घालत नाही; नवा मागवतो. त्यामुळे एमजीबीच्या जुन्या पत्र्याला आग लागलेली नाही. म्हणून जो या मालात पैसा घालू पाहतो त्याने गाडीचे नाव किती मोठे आहे हे पाहण्याआधी साचा कुणाकडे आहे, जिवंत आहे की मोडीत गेला, हे विचारावे. नाव मोठे आणि साचा जिवंत, तर साठा धोक्याचा.

आणि सगळाच जुना माल जपण्याजोगा नसतो. रबर वापराने जितके झिजते तितकेच पडून राहून मरते. ब्रेकचे होज, इंजिनचे रबरी माउंटिंग, दारांची रबरे, टायर हे जुने अस्सल म्हणून जपून ठेवणे म्हणजे शिळे अन्न जपणे आहे. ब्रेकच्या जुन्या रबरावर तर माणसाचा जीव टांगलेला असतो. ते विकूच नये. १९८०-९० च्या गाड्यांत इंजिन चालवणारी इलेक्ट्रॉनिक पेटी असते. तिच्यातले कपॅसिटर काळाने गळतात आणि पट्टीवरचे तांबे खातात. वरून पेटी नवी कोरी दिसते. अशी पेटी चालवून दाखवल्याशिवाय घेणे म्हणजे बंद गाठोडे घेणे. घडीव चाक, इंजिनचे आवरण, गिअर, दिव्याची काच, मीटर, दाराचे मुठी-कुलूप, मूळ स्टिअरिंग हा माल टिकतो. चाकही तडा गेलेले नसावे आणि घासून घासून पातळ केलेले नसावे. चकाकी देण्यासाठी मूळ मुलामा खरवडून काढलेली कितीतरी चाके बाजारात फिरतात. दिसायला आरसा, किमतीला निम्मी.

आता कारागिराकडे येऊ, कारण आमचा खरा मुद्दा तिथे आहे.

उर्दू शाळेत 'अस्ल' या शब्दाचे दोन अर्थ आम्हाला शिकवले होते. एक अर्थ मूळ, दुसरा मुद्दल. सुट्या भागाच्या बाबतीत हे दोन्ही एकच होतात. ९११ च्या १९६८ ते १९७७ च्या बहुतेक इंजिनांचे आवरण मॅग्नेशियमचे होते. वजनाला हलके, पण उष्णतेने धातू नरम पडतो आणि डोके आवळून धरणारे स्टड आट्यांसकट उपटून बाहेर येतात. १९७४ नंतरच्या २.७ लिटरच्या इंजिनांत हे फार होते. आता नवे आवरण आणावे, तर त्यावर मूळ नंबर नाही. इंजिनचा नंबर त्या आवरणावरच ठोकलेला असतो, आणि गाडीच्या कागदाशी तो जुळला तरच गाडीचे पूर्ण मोल होते. म्हणून मालक आवरण टाकत नाही. तो अशा माणसाकडे जातो जो जुने आटे सरळ रेषेत मोठे करील, पोलादाची आटेदार बुशी बसवील आणि स्टड पुन्हा काटकोनात उभे करील. काम लेथ आणि मिलिंगचे. भिवंडी-मालेगावात पॉवरलूमच्या घासलेल्या भागांना बुशी घालून पुन्हा चालवणारे मिस्त्री आम्ही उभ्या आयुष्यात पाहिले आहेत. हुन्नर तीच आहे, माप मात्र केसाहून बारीक हवे.

या कामाचा गिऱ्हाईक मजुरी कशावरून ठरवतो? आपला मिस्त्री अजून तासावर किंवा दिवसावर मागतो. तो आवरण वाचवतो आणि त्यामुळे गाडीच्या किमतीत लाखांचा फरक पडतो; त्याला मिळते दिवसाची हजेरी. मधला माणूस, ज्याने फक्त फोटो काढले आणि गिऱ्हाईक आणला, तो टक्केवारी घेतो. टक्केवारी घेणाऱ्याशी आमचे भांडण नाही. आम्हीही दलालीचा बाजार जाणतो. पण जो भाग वाचवतो त्याने भागाच्या मोलावर मजुरी सांगावी, हजेरीवर नव्हे. त्यासाठी त्याला आधी भागाचे मोल ठाऊक हवे. ते आजकाल लपलेले नाही. कोणत्या लिलावात काय गेले हे मोबाईलवर कुर्ल्याच्या पोरालाही दिसते आणि हॅम्बुर्गच्या सेठलाही.

आपल्याकडे अशा मोटारी मोजक्या, हे खरे. जुन्या संस्थानिकांच्या, पारशी कुटुंबांच्या आणि काही नव्या धनिकांच्या. तरी एक बदल झाला आहे. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली, चासी, सांगाडा किंवा इंजिनमध्ये मोठा फेरबदल न केलेली गाडी 'व्हीए' मालिकेत नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, पुनर्नोंदणीची ५,०००. रोजच्या वापरासाठी ती चालवता येत नाही. 'मूळ रूपात' हे शब्द वाचकांनी लक्षात घ्यावेत. पूर्वी मारुतीचे इंजिन जुन्या फियाटमध्ये बसवून चालते करणारा उस्ताद समजला जाई. आता मूळ इंजिन जो जिवंत करील त्याला काम आहे. पद्मिनी तर कुर्ल्यातच बनत होती. ती स्पोर्ट्स मोटार नव्हे, पण मुंबईच्या रस्त्यावरून तिची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये गेली, आणि तिचे मूळ भाग आता कोण शोधते आहे ते बाजारात विचारून पाहावे.

जिथे भाव चढतो तिथे नक्कल येते. नक्कल दोन प्रकारची, आणि त्यांत गल्लत करू नये. एक कारागीर जुना नमुना पाहून दिव्याची कड, दाराची मूठ, डॅशबोर्डची पट्टी नव्याने घडवतो आणि 'ही आमची घडण आहे' म्हणून स्वतःच्या नावाने विकतो. हे काम इज्जतीचे आहे, जगभर चालते, आणि एमजी-जग्वारचे अर्धे अधिक मालक त्याच्यावरच गाड्या चालवतात. दुसरा तीच वस्तू तेलात आणि मातीत घोळवून, तिच्यावर परक्या कंपनीचे नाव आणि जुनी तारीख ठोकून, 'यार्डातून निघाली' म्हणून विकतो. आमच्या बाजारात पॉवरलूमच्या ठाणावर मिलचा छाप मारून विकण्याचे दिवस आम्ही पाहिले आहेत. काही काळ सर्वांचे फावले. पुढे गिऱ्हाईक अस्सल छापाच्या ठाणाकडेही बोटाने रेघ ओढून, थुंकी लावून, संशयाने पाहू लागला. खोटे चिन्ह लावणे ट्रेड मार्क्स ॲक्ट १९९९ खाली सहा महिने ते तीन वर्षे कैदेचा गुन्हा आहे, दंड वेगळा. चासीचा किंवा इंजिनचा नंबर नव्याने ठोकणे तर त्याहून वाईट, कारण तिथे चोरीच्या गाडीचा संशय थेट कारागिरावर येतो, शेठवर नाही. हातोडा ज्याच्या हातात सापडतो तो आत जातो. मालातला ऐब सांगून विकावा, हे आपल्या घरांत वेगळे शिकवावे लागत नसेल असे आम्ही समजतो.

राहिले भंगारवाले बंधू. गाडी आली की गॅसकटर पेटवायचा, तासाभरात तुकडे करून पत्रा, बीड, ॲल्युमिनियम, तांबे असे ढीग लावायचे, ही आपली जुनी चाल. जागेचे भाडे चढलेले, माल अडकून ठेवणे परवडत नाही, हे आम्ही जाणतो. पण जुन्या पैठण्या आणि शालू जाळून जरीची चांदी काढणारेही आम्ही पाहिले आहेत. किती हातमागांवरची किती वर्षांची मेहनत त्यांनी तोळ्यावर विकली! त्यातला एखादा पदर आज संग्रहालयात मागतात. गाडी जुनी, दोन दारांची, परदेशी किंवा बंद पडलेल्या बनावटीची असेल तर कटर लावण्याआधी अर्धा तास द्यावा. बोल्ट खोलून भाग काढावा. नंबर, ठसा, तारीख यांचे स्वच्छ फोटो घ्यावेत. कोणत्या गाडीतून, कोणत्या नंबरच्या, कोणत्या तारखेला काढला, गाडी कुणाकडून कोणत्या कागदावर आली, हे वहीत लिहावे आणि पावती जपावी. परदेशचा गिऱ्हाईक भागाइतकाच या वहीला पैसे देतो. वहीशिवाय तोच भाग त्याच्या लेखी चोरीचाही असू शकतो.

आणि परदेशातून असा वापरलेला माल आणून इथे विकण्याचा कुणाचा बेत असेल तर त्याने आधी परकीय व्यापार धोरण वाचावे. भांडवली यंत्रे सोडून इतर वापरलेल्या मालाची आयात निर्बंधित आहे, परवाना लागतो. कंटेनर बंदरात अडकला की डेमरेज दिवसावर चढते, आणि ते अस्सल मालाला आणि नकली मालाला सारख्याच दराने लागते.